आजोबांचा दाखला : वंश, जन्म आणि ‘दुसरे’ नागरिकत्व

गेली अठरा-वीस वर्षे माझ्याकडे एका ठरावीक कामासाठी माणसे येतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद असतो आणि तोंडी एकच प्रश्न : “ह्यात आज्याचा नाव खंय आसा?” मी इतिहासाचा पदवीधर नाही. सावंतवाडी संस्थानचे कागद वाचता यावेत म्हणून मोडी शिकलो, आणि त्या कागदांतल्या अर्ध्या पत्रांची उत्तरे पलीकडे पणजीत पोर्तुगीजमध्ये लिहिलेली, म्हणून कोश उशाशी घेऊन पोर्तुगीज शिकलो. हे दुसरे ज्ञान कामचलाऊच आहे. पण पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या जुन्या जन्मनोंदी वाचण्यापुरते ते पुरते. अशा नोंदीच्या शब्दशः नकलेला गोव्यात ‘तेओर’ म्हणतात. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत आई किंवा आजी गोव्याकडची. त्यामुळे तेरेखोलच्या अलीकडेही आता ट्रंकांच्या तळातून हे तेओर बाहेर येऊ लागले आहेत.

ज्याने तो पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. आपला जन्मदाखला म्हणजे रकाने : नाव, तारीख, आईचे नाव, वडिलांचे नाव, शिक्का. पोर्तुगीज नोंद ही रकान्यांत नसून जवळजवळ एका सलग वाक्यात असते. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक गावात मूल जन्मले. ते अमक्याचे आणि अमकीचे औरस अपत्य. बापाकडून अमका-अमकीचे नातवंड, आईकडून अमका-अमकीचे. म्हणजे दाखला एका मुलाचा, पण त्यात तीन पिढ्या आणि सात माणसे. चार आजी-आजोबांत दोन्ही आज्या नावानिशी हजर. नावे मात्र पोर्तुगीज कानाने ऐकलेली. शेणै ‘सिनाय’ होतात, प्रभू ‘पोरोबो’, कामत ‘कामोतिम’. शेवटच्या अनुनासिकासाठी जोडलेला तो ‘म’ लक्षात आला नाही, तर माणूस स्वतःच्या पणजोबाला ओळखत नाही.

कागद घेऊन येणाऱ्यांना हे वाक्य वाचण्यात रस नसतो, आणि तो असावा अशी माझी अपेक्षाही नाही. त्यांना तो कागद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत पाठवायचा असतो. मला मात्र गेली काही वर्षे या व्यवहारामागचे कायदेच वाचावेसे वाटू लागले आहेत, आणि ते वकिलासारखे नव्हे. वंशावळ, बखर, कैफियत वाचताना आपण जसे विचारतो की हे कोणी, कोणासाठी लिहिले, कोणाला धरले आणि कोणाला गाळले, तसे हे कायदे वाचता येतात. कायद्याच्या भाषेलाही निवेदक असतो आणि त्याचे पूर्वग्रह असतात. पुढचा मजकूर हा त्या वाचनाचा आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. या विषयावर गोव्यात आणि महाराष्ट्रात जे बोलले जाते त्यात ‘पोर्तुगीज मूळ’, ‘पोर्तुगीज रक्त’ हे शब्द सहज येतात. पासपोर्ट घेणारा त्यांचा अभिमानाने उच्चार करतो, टीकाकार कुचेष्टेने. दोघेही चूक. पेडण्याच्या शेतकऱ्याच्या अंगात पोर्तुगीज रक्त असण्याचा प्रश्नच येत नाही आणि कायदाही ते मागत नाही. कायदा म्हणतो की तुमचा पूर्वज ज्या भूमीवर जन्मला ती त्या दिवशी पोर्तुगालची होती, म्हणून तो पोर्तुगीज. मूळ हक्क जन्मभूमीचा. वंश लागतो तो फक्त तो हक्क तुमच्यापर्यंत वाहून आणायला. हमाल आणि माल यांत फरक आहे.

त्या भूमीवरचे सगळे लोक कायद्याने सारखे होते असेही नाही. १५१० पासूनच्या साडेचार शतकांत प्रजा कोण आणि नागरिक कोण याची रेघ अनेकदा सरकली. १७६१ च्या राजाज्ञेने आशियातल्या एतद्देशीय ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीने धरण्याचे जाहीर केले. हिंदूंना ते लागू नव्हते. १९१० मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले तेव्हा धर्मावरून केलेला भेद कायद्यातून हटला, आणि नागरी जन्मनोंदणीचे युग सुरू झाले. आज पिशवीतून येणारे बहुतेक कागद या नोंदणीची अपत्ये आहेत. त्याआधीच्या ख्रिस्ती घरांना चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींचा आधार आहे. हिंदू घराच्या हातात फार तर सोयर-सुतक लिहिलेली वही. ‘पूर्वज सिद्ध करणे’ या शब्दांचा अर्थ एकाच गावातल्या दोन वाड्यांवर वेगळा होतो तो असा.

आता पहिला कागद, आपल्या बाजूचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमाखाली गोवा, दमण व दीवसाठी एक आदेश काढला. छोटासा आहे. त्याचा आशय असा : जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कोणीही, किंवा ज्याच्या आजी-आजोबांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले, तो त्या दिवशी भारताचा नागरिक झाला असे मानले जाईल. ज्याला आपले आधीचे नागरिकत्व राखायचे असेल त्याने एक महिन्यात तसे लेखी कळवावे.

मी हा आदेश पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो. दूरच्या पूर्वजामुळे नागरिकत्व मिळणे हे आपण युरोपीय देशांचे खूळ समजतो. इथे भारतच आजी-आजोबांना साक्षीला बोलावत होता. आणि तेही मोठ्या मनाने. १९५५ च्या मूळ कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय ठरवायचे तर फक्त वडील मोजले जात. आई भारतीय असून भागत नसे. ही स्थिती डिसेंबर १९९२ पर्यंत टिकली. १९६२ चा आदेश मात्र आई-वडिलांपैकी ‘कोणीही’ आणि आजी-आजोबांपैकी ‘कोणीही’ म्हणतो. गोव्याच्या मातीशी नाते आईच्या आईकडून आले असले तरी चालेल. मूळ कायदा जे तीस वर्षे देणार नव्हता ते इथे एका आदेशाने देऊन टाकले. कारण उघड आहे : जिथे राज्याला माणसे आपली म्हणून हवी होती, तिथे त्याने आईलाही मोजले.

तो एक महिनाही विचार करण्यासारखा आहे. सत्तरीच्या जंगलात राहणाऱ्या किंवा नैरोबीत कारकुनी करणाऱ्या गोवेकराने राजपत्र वाचून, समजून, महिन्याच्या आत प्रशासकाला पत्र धाडायचे. नंतरचा सगळा वाद या महिन्याच्या पोटात आहे. ज्यांनी कळवले नाही ते भारतीय झाले, असे भारत म्हणतो. ‘होणे’ हे क्रियापद इथे कर्मणी आहे : त्यांना नागरिक करण्यात आले. मुक्तीचा आनंद खरा होता, त्यासाठी माणसे तुरुंगात सडली होती, हे सगळे मान्य करूनही व्याकरण आपल्या जागी राहते.

दुसरा कागद पोर्तुगालचा. सालाझारच्या राजवटीने गोवा गेल्याचे कधी मान्य केले नाही. एप्रिल १९७४ मध्ये ती राजवट कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत झालेल्या कराराने पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व स्वीकारले. मग साम्राज्य मोडताना माणसांचे काय करायचे हा प्रश्न आला. २४ जून १९७५ ला, म्हणजे मोझांबिक स्वतंत्र होण्याच्या आदल्या दिवशी, लिस्बनने एक हुकूम काढला. माझ्या मते या विषयावरचा हा सर्वांत बोलका दस्तऐवज आहे, आणि आपल्याकडे तो वाचला जात नाही.

हुकूम सागरापलीकडच्या प्रांतांत जन्मलेल्यांविषयी आहे. नागरिकत्व कोणाचे राहील याची यादी त्यात आहे. युरोपातल्या पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांचे राहील, आणि त्यांच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच्या वंशजांचेही. पूर्वीच्या ‘भारत राज्यात’, म्हणजे गोवा-दमण-दीवमध्ये जन्मलेल्यांनी आपल्याला ते राखायचे आहे असे नुसते जाहीर केले तर त्यांचेही राहील. यादीत न बसणाऱ्यांचे जाईल. न बसणारे कोण? अंगोला, मोझांबिक, गिनीमधली बहुसंख्य काळी माणसे. आदल्या दिवसापर्यंत तीही कायद्याने पोर्तुगीज होती. कागदोपत्री भाषा संपूर्ण निर्मळ आहे. ‘वर्ण’ हा शब्द कुठेच नाही. ‘तिसऱ्या पायरीपर्यंतचे वंशज’ एवढेच आहे. लुआंडाच्या रस्त्यावर त्या शब्दांनी कोण आत येतो आणि कोण बाहेर पडतो हे आंधळ्यालाही दिसले असते.

वंशाने मिळणाऱ्या हक्काबद्दल माझे जे काही मत झाले ते या हुकुमाने झाले. वंश हा शब्द कायद्यात येतो तेव्हा तो आठवणीसाठी, मायेसाठी येतो असे सांगितले जाते. इथे तो चाळणी म्हणून आलेला आहे. गोवेकराला ती चाळणी लावलीच नाही. त्याला वंश विचारलाच नाही, फक्त इच्छा विचारली. मग गोवेकराने ‘आमच्यावर पोर्तुगालचे प्रेम’ म्हणून हुरळून जावे का? थांबावे. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत ‘एतद्देशीय’ म्हणून जी माणसे नागरिकत्वाच्या बाहेर ठेवली होती, ती व्यवस्था गोव्याला लागू नव्हती; मोझांबिकमध्ये कारकुनी करणारा गोवेकर त्या उतरंडीत मधल्या पायरीवर उभा होता. १९७५ च्या हुकुमाने ती पायरी जपून ठेवली. हा हुकूम पुढे १९८८ मध्ये रद्द झाला, पण जे बाहेर पडले ते बाहेरच राहिले.

आजचा व्यवहार १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्यावर चालतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्याने आपली जन्मनोंद लिस्बनच्या दप्तरात उतरवून घ्यायची. मग त्याची मुले, आणि पुढे अटींसह नातवंडे. त्या कायद्यातली एक बारीक गोष्ट सगळ्या वादाचे मूळ आहे. असे नागरिकत्व ‘मिळत’ नाही. ते जन्मापासूनच होते असे धरले जाते. नोंद आज झाली तरी परिणाम जन्मदिवसापासून. पोर्तुगीज कायदा भूतकाळात बोलतो : तू होतासच, आम्ही आत्ता लिहिले.

भारतीय कायदा वर्तमानकाळात बोलतो. घटनेचे नववे कलम आणि नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम : स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेस की आमचे संपले. १९५६ च्या नियमांनी परदेशी पासपोर्ट हा तशा स्वेच्छेचा निर्णायक पुरावा ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो नियम वैध धरला. म्हणजे एकाच कृतीविषयी एक राज्य म्हणते ‘होतास’, दुसरे म्हणते ‘झालास’. नुसती लिस्बनला नोंद झाली, पासपोर्ट काढला नाही, तर मधल्या मधे माणूस कोण? या प्रश्नावर गोव्यात निवडणुकांपासून सरकारी नोकऱ्यांपर्यंत वाद झाले आहेत.

म्हणून ‘दुसरे नागरिकत्व’ या शब्दातला ‘दुसरे’ हा भाग मला खटकतो. तो शब्द दुसऱ्यांच्या अनुभवातून उचललेला आहे. ब्यूनोस आयर्समधल्या माणसाचा पणजोबा जहाजाने इटलीहून आला. इटलीचा कायदा कालपरवापर्यंत पिढ्या मोजत नव्हता. १८६१ मध्ये इटलीचे राज्य झाल्यावर जिवंत असलेला एक पूर्वज आणि न तुटलेली साखळी एवढे पुरे. तो इटालियन झाला तरी अर्जेंटिना त्याला सोडत नाही. त्याच्या खिशात खरोखरच दोन पासपोर्ट. त्याच्यासाठी दुसरे म्हणजे आणखी एक. गोवेकरासाठी दुसरे म्हणजे पहिल्याच्या बदल्यात. मतदानाचा हक्क जातो, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर गोष्ट वेगळी. पुतण्याच्या नावाने काकाने घातलेल्या आंब्याच्या कलमांचे पुढे काय, असा प्रश्न माझ्या अंगणात बसून दोन भावांनी तासभर चर्चिलेला आहे. धाकटा स्विंडनला होता. दोघांचा आवाज चढला तेव्हा मी चहा आणायला आत गेलो.

इटलीनेही आता हात आखडला. मार्च २०२५ मध्ये सरकारने वटहुकूम काढला, मे महिन्यात त्याचा कायदा झाला. यापुढे ढोबळमानाने आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापर्यंतच. म्हणजे रोमही अखेर तिथेच आले जिथे दिल्ली १९६२ मध्ये होती. आजोबांपर्यंत मोजा. हा आकडा मला योगायोगाचा वाटत नाही. माणूस ज्याला डोळ्यांनी पाहू शकतो असा सहसा शेवटचा पूर्वज म्हणजे आजोबा. आपले श्राद्ध एक पाऊल पुढे जाते, पणजोबांपर्यंत, आणि तिथे थांबते. महालयाच्या संकल्पात आईकडच्याही तीन पिढ्या येतात, आणि आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावी लागतात. कायद्यांच्या मानाने हे पुष्कळच उदार, फक्त भटजींनी विचारल्यावर नाव आठवायला हवे.

भारताकडेही आरसा आहे. २०१७ च्या जून महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदींनी लिस्बनमध्ये तिथल्या पंतप्रधानांना, आंतोनियो कोस्तांना, ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’चे कार्ड दिले. कोस्तांचे घराणे मडगावचे, वडील ओर्लांदो द कोस्ता हे गोव्यावर कादंबरी लिहिणारे पोर्तुगीज लेखक. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशाचे जे होते त्यांचे वंशज पणतवंडांपर्यंत हे कार्ड घेऊ शकतात, अशी आपल्या कायद्यात सोय आहे. हा शब्दप्रयोग गोव्यासाठीच बेतल्यासारखा आहे. त्या दिवशीच्या छायाचित्रांत सगळे हसत होते. वृत्तपत्रांनी ‘मुळांशी नाते’ म्हणून लिहिले. तेच नाते, तोच वंश, तीच तीन-चार पिढ्यांची मोजणी उलट्या दिशेने पेडण्याचा पोरगा करतो तेव्हा तीच वृत्तपत्रे ‘पासपोर्टसाठी मातृभूमी विकली’ असा मथळा देतात. कार्डात नागरिकत्व नसते, मत नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही नाव ‘सिटिझन’ ठेवले आहे, आणि नाव ठेवणारा काही सुचवत असतो.

टीकाकारांचा आवडता शब्द ‘अराष्ट्रीय’. त्याच्या मागे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांची १९४४ ची पुस्तिका उभी केली जाते, गोवेकरांच्या अराष्ट्रीयीकरणावरची. कुन्हांना पुढे शिक्षा होऊन पोर्तुगालमध्ये पेनिशच्या किल्ल्यात डांबले होते, त्यामुळे त्यांचे नाव घेतले की समोरचा गप्प बसतो. पण कुन्हांचा हल्ला मनावर होता : स्वतःची भाषा, इतिहास, रीत याविषयी लाज वाटायला लावणाऱ्या शिक्षणावर आणि सत्तेवर. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकालाही पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही, लिस्बन पाहायची इच्छा नाही, फादूचे गाणे ऐकलेले नाही. त्यांना साउथॉल, लेस्टर किंवा स्विंडनमध्ये गोदामात काम हवे होते, आणि ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत पोर्तुगालचा पासपोर्ट म्हणजे तिकडचे तिकीट होते. याला लोभ म्हणा, गरज म्हणा. मानसिक गुलामी म्हणणे हे कुन्हांचे चुकीचे वाचन आहे. मुंबईहून अमेरिकेला जाऊन तिथले नागरिक झालेल्या, आपल्याच दिवाळी अंकांना वर्गणी पाठवणाऱ्या मंडळींना आपण हा शब्द लावत नाही. तेही नवव्या कलमानेच गेले.

गोवेकराला वंशाने हक्क मिळण्याची कल्पना लिस्बनने शिकवली असेही नाही. गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, ही संस्था पोर्तुगीजांच्या आधीची. गावच्या जमिनीच्या उत्पन्नात गावकाराच्या पुरुष वंशजाला वाटा, त्याला ‘झोण’ म्हणतात, वांगडानुसार नोंदी. मंदिरांची महाजनकी तशीच, घराण्याने चालणारी. मुंबईला तीन पिढ्या काढलेला माणूस वर्षातून एकदा कवळ्याला किंवा मंगेशीला जातो आणि आपण तिथले महाजन आहोत हे सांगताना त्याचा आवाज जरा बदलतो. त्याला गोव्यात रेशन कार्ड नसते. दूरच्या पूर्वजामुळे मिळालेले सदस्यत्व यापेक्षा वेगळे काय असते?

तेच आपल्या कुलवृत्तांतांचे. हा ग्रंथप्रकार मराठीने मोठ्या कष्टाने जोपासला आहे. कोणी तरी निवृत्त गृहस्थ पदरमोड करून, शेकडो पत्रे लिहून शाखा-उपशाखा जुळवतो. मी त्यांचा ऋणी आहे. पण कोणताही कुलवृत्तांत उघडा, मुलीच्या नावापुढे ‘अमक्या गावच्या अमक्यांस दिली’ असे येते आणि ती फांदी तिथे थांबते. इटलीच्या कायद्यात १ जानेवारी १९४८ पूर्वी जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व येत नव्हते. न्यायालयात जाऊन ते मिळवावे लागते. भाषा निराळी, रोमन लिपीतली. पण ‘दिली’ हाच तो शब्द.

आणि गाळलेल्यांची गोष्ट निघालीच आहे तर २०१५ चा कायदाही पाहू. स्पेन आणि पोर्तुगाल दोघांनी त्या वर्षी पंधराव्या शतकाअखेर हाकललेल्या किंवा जबरीने बाटवलेल्या सेफार्दी ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाची वाट उघडली. स्पेनने भाषा आणि सामान्यज्ञानाची परीक्षा ठेवली व २०१९ मध्ये मुदत संपवली. पोर्तुगालने भाषेची अट घातली नाही. आडनावे, घरची भाषा, परंपरा यांवरून लिस्बन किंवा पोर्तो इथल्या ज्यू समाजसंस्थेने दाखला द्यायचा. रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच याला २०२१ मध्ये या वाटेने नागरिकत्व मिळाले, गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी नियम आवळले गेले. पाचशे वर्षांपूर्वीचा अन्याय मान्य करणारा कायदा म्हणून मला त्याचा आदर आहे. त्याची भाषाही इतर कायद्यांहून निराळी आहे, तिच्यात क्षमेचा सूर आहे.

पण तो वाचताना गोव्यातल्या माणसाला गार्सिया द ओर्ता आठवल्याशिवाय राहत नाही. ज्यू मुळाचा हा वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते, आणि इथल्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. त्याच इन्क्विझिशनच्या आणि देवळे पाडण्याच्या काळात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, आणि कितीतरी कुटुंबे कानडी मुलखात, कोचीपर्यंत पळाली. त्यांच्यासाठी कोणी कायदा केलेला नाही. तो हवा अशी मागणी मी करत नाही. कोचीच्या कोकणी दुकानदाराला लिस्बनची क्षमा काय करायची आहे? मी नोंदवतो ते एवढेच की ज्या राज्याने एका छळाची आठवण कायद्यात लिहिली, त्याच राज्याच्या त्याच न्यायासनाने केलेल्या दुसऱ्या छळासाठी त्याच्याकडे शब्द नाही. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्याच्या नातवाला हक्क आहे. १५६० मध्ये गोव्यातून पळालेल्याचा वंशज मोजणीच्या बाहेर. जो राहिला तो प्रजा म्हणून कागदावर चढला. जो गेला त्याचा कागद म्हणजे देऊळ.

इथवर मी दुसऱ्यांचे कागद वाचले. माझी आई पेडणे तालुक्यातली, १९४७ चा जन्म. म्हणजे लिस्बनच्या हिशेबाने ती जन्माने पोर्तुगीज आणि मीही तिच्यामागून. दिल्लीच्या हिशेबाने ती डिसेंबर १९६१ मध्ये, चौदाव्या वर्षी, भारतीय झाली. एका एजंटाने मला चार वर्षांपूर्वी हे समजावून सांगितले आणि माझ्या मुलाच्या भवितव्याचे चित्र रंगवले. मुलगा तेव्हा पुण्यात कंत्राटी नोकरीवर होता. मी नाही म्हणालो, असे लिहिणे सोपे आहे. खरे असे की मी तेओर काढायला गेलो.

अडचण तिथे आली जिथे कुलवृत्तांत थांबतात. आईचे लग्न झाले तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तांदळात नवे नाव लिहिले गेले. जन्मनोंदीत एक नाव, आडनाव माहेरचे, तेही पोर्तुगीज वळणाचे. आधार कार्डावर सासरचे नाव, सासरचे आडनाव. लग्नाची सरकारी नोंद नाही, पत्रिका वाळवीने खाल्ली. नोंदीतली मुलगी आणि माझ्या घरातली म्हातारी एकच आहे, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे, दोन साक्षीदार, आणि एजंटाच्या भाषेत ‘थोडी मॅनेजमेंट’ लागणार होती. सगळे कायदे आईला मोजायला तयार असताना तिची साखळी आम्ही, म्हणजे माझ्या आजीने आणि बापाने, तांदळाच्या ताटात तोडून ठेवली होती.

मी आईला विचारले, करायचे का. ती म्हणाली, “तां घेवन माका काय करूचा? तुका व्हया तर कर.” मी तिला तो कागद वाचून दाखवायला बसलो. तिचे माहेरचे नाव मी मोठ्याने उच्चारले तेव्हा ती ओशाळल्यासारखी हसली. त्या नावाने तिला हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. मग वडिलांचे नाव, आईचे. मग ‘बापाकडून नात’ असे म्हणून आजोबांचे, आणि त्याच्यापुढे आजीचे. तिने मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. ही आजी तिच्या जन्माआधी गेलेली, घरात तिला सगळे ‘थोरली’ म्हणत. नाव कोणाला माहीत नव्हते. पक्षाला भटजी पितामहीचे नाव विचारत तेव्हा मामा दरवर्षी गप्प बसायचा.

पोर्तुगीज कारकुनाने त्या नावाची बरीच मोडतोड केली होती. ते सोडवायला आम्हा दोघांना अर्धा तास लागला. मग तिने फोन मागितला आणि मामाला लावला.